ओलं गोणपाट

२ मे, गुरुवार

अझीझियाच्या कंपाउंडमधलं कारंजं सकाळपासून बंद. दहाच्या सुमारास तळी साफ करणाऱ्या टीमचा दाऊदभाई थेट लुसैलला ऑफिसात, आठव्या मजल्यावर. चिखलाचे बूट रिसेप्शनच्या गालिच्यावर. हातात चहाचा काचेचा ग्लास, ग्लासात पाणी, तळाशी नखाएवढी पंधरा-वीस शिंपली. पिवळट, तपकिरी.

"मास्तर, पंपाची जाळी खोलली तर आत ही. गच्च. आमच्या खाडीतल्या शिनाण्यांची पिल्लां वाटतात."

म्हटलं, गोड्या पाण्यात शिनाणे कुठून येतील?

"तेच तुमाला इचारतोय. लिवता-वाचता तुमी."

हनानला बोलावलं. ऑफिसातलं जीवशास्त्र तिच्याकडे; ट्युनिसची, आवाज चढवलेला कधी ऐकला नाही. ग्लासाकडे बराच वेळ बघत राहिली. पहिला प्रश्न: हे पाणी आणखी कुठे ओतलंत? मग ग्लास पॅन्ट्रीत नेऊन, दोन शिंपली नमुन्याला काढून, बाकीच्यांवर केटलीतलं उकळतं पाणी.

दाऊदभाई मागून: "ग्लास उतना दे दो म्याडम, उधर के वॉचमन का है."

आमचे मॅनेजर मॅथ्यू सर केबिनच्या दारातून: "एक ही लेक है ना? बोलो एक ही है."

आमच्या कंपनीकडे देखभालीला तळी चार. बोट एक, पंप एक, जाळी दोन, रबरी पाइपाचं भेंडोळं एक. रविवारी अझीझिया, सोमवारी रय्यानचं तळं, मंगळवारी इथलं लुसैलचं, बुधवारी मझरा. सगळं एकाच ट्रकात.

५ मे, रविवार

नाव आलं. मूळ चीनच्या नद्यांतलं शिंपलं. धागे सोडून चिकटतं. दगडाला, जाळीला, पाइपाच्या आत, एकमेकांच्या पाठीवर. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतच नाहीत, पाण्याबरोबर जातात. आलं कुठून? कारंज्याभोवती लावलेल्या शोभेच्या पाणवनस्पतींच्या मुळांतून असावं. हनान "असावं" म्हणते, मीही तेच लिहीन.

काढता येईल का, विचारलं. "तळं रिकामं करून महिनाभर उन्हात ठेवलं तर." कंपाउंडवाल्यांचा नकार तासाभरात. भाडेकरू तळ्याकडे तोंड करून चहा प्यायला राहतात तिथे, खड्ड्याकडे नाही.

अझीझियासाठी सामानाचा वेगळा संच मागितला. मॅथ्यू सर: "रिक्वेस्ट डाल दिया है, इन्शाल्ला." म्हणजे थंडीत.

तेव्हा उरलं एवढंच की बाकीची तीन वाचवायची. सगळ्यात जास्त मझऱ्याचं. ते नुसतं तळं नाही, खजुराच्या आणि भाज्यांच्या शेताचा साठवण तलाव आहे. तिथून पाट आणि पाइप शेजारच्या दोन शेतांत जातात. तिथे शिरलं की पुढे कुठे कुठे, याचा हिशोब हनाननेही सोडून दिला.

एकपानी सूचनापत्रक. सहा भाषा. उद्या चारपर्यंत. हे माझं काम.

६ मे, सोमवार

पान पावणेचारला सोडलं. धुवा, निथळवा, वाळवा. वीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर एवढं जमतं.

अडलं ते वाळवण्यावर. हनान म्हणाली सात दिवस. मॅथ्यू सर म्हणाले, सामान रोज दुसऱ्या तळ्यावर जातं, सात दिवस आणू कुठून? हनानने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर नुसता पांढरा उजेड. म्हणाली, इथल्या उन्हात एक दुपार उघडं पडलं तरी काही जगायचं नाही. चार तास पुरेत.

मग आकडा लिहावा की नाही? मॅथ्यू सर: "थरोली लिखो."

"पूर्ण वाळवा" लिहिलं. जिथे आकडा टाळायचा तिथे "पूर्ण" हा शब्द मी आयुष्यात पुष्कळदा घातला आहे. वाचणारा समाधानी, लिहिणारा मोकळा.

फोटोची जागा अजून रिकामी. हनान रविवारपासून दोन आठवडे घरी जाणार. मजकूर तिने सही करून दिला.

१४ मे, मंगळवार

फोटोसाठी ट्रकबरोबर. लुसैलचं तळं, टॉवरांच्या मधलं. दाऊदभाई आणि त्याच्या हाताखालचे दोघे नेपाळी.

त्याचं काम बघण्यासारखं. पंप उघडून प्रत्येक खाच ब्रशने घासतो. पाइपात गरम पाणी सोडून दोन्ही टोकांनी उलटा करतो. मग जुन्या लुंगीच्या फडक्याने सगळं कोरडं पुसतो. यादीवर तीन खुणा: धुतलं, निथळलं, वाळवलं. शेवटी बोट ट्रकात, तिच्यात पंप, पाइप, जाळी, आणि वरून भिजवलेलं गोणपाट. अगदी आईने मुलाला पांघरूण घालावं तसं, कडा आत खोचून. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली आहेत, तासाभराने त्यातून पाणी शिंपडतो.

"ऊन खाता मास्तर. रबर फाटता. आमच्या बापाची लाकडाची व्हडी होती. सुकली की फळ्या उघडतात, मग पानी आत. जल्मभर गोणपाट ओला ठेवला त्याने. एकोणीस वरसां झाली मना हयसर, आपला एक पाइप फुटला नाय. इचारा मॅथ्यूला."

खरं आहे. दुसऱ्या टीमचे पाइप दर उन्हाळ्यात बदलतात.

फोटो छान आला. निळी बोट, तपकिरी गोणपाट, पाण्याचे थेंब उडताना, मागे तळं. तो फोटोत हसत नाही. फोटोसाठी शर्टाचं वरचं बटण लावलं.

१६ मे, गुरुवार

पत्रक छपाईला. फोटोखाली ओळ: "सामानाची अशी काळजी घ्या." छापताना फोटो अंगठ्याएवढा झाला. तरी दाऊदभाई खूश. दोन प्रती मागून नेल्या, एक गावी पाठवायला. घरी रोहिणीला दाखवलं. ती म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमच्या पानावर पहिल्यांदा कामाच्या माणसाचा फोटो बघतेय."

२ जून, रविवार

कालपासून दुपारचं बाहेरचं काम बंद, सरकारी नियम. दहा ते साडेतीन. ट्रक सावलीत उभा. माणसं आत एसीत, सामान बोटीत, गोणपाटाखाली. दाऊदभाई मधूनच बाहेर जाऊन शिंपडून येतो. मी म्हटलं, बाहेर काम बंद आहे. म्हणाला, "ह्या काम नाय. ह्याला बघना म्हंतात."

हनान परत आलीय. तिन्ही तळ्यांत दोरीला बांधून प्लास्टिकच्या पट्ट्या सोडल्यात. शिंपलं आलं तर आधी तिथे चिकटेल. दर आठवड्याला वर काढून भिंगाखाली. आजवर तिन्ही स्वच्छ.

पत्रक पॅन्ट्रीच्या भिंतीवर, चहाच्या मशीनशेजारी.

१३ जून, गुरुवार

पट्ट्या स्वच्छ. मॅथ्यू सरांनी क्लायंटला पाठवायला "यशोगाथा" मागितली, दोनशे शब्द. दिली. जेवणाआधी.

२४ जून, सोमवार

ईदच्या सुट्टीनंतर पहिला सोमवार. रय्यानच्या पट्टीवर सात. तिळाएवढी. हनानने नखाने एक उचकटायचा प्रयत्न केला, निघालं नाही. धागा.

दाऊदभाई काठावर उकिडवा. ईदला घरून आलेला नवा शर्ट घालून आला होता. "मैं तो रगड रगड के धोया, म्याडम." ती म्हणाली, आधीच गेलं असेल, एप्रिलमध्ये, आपल्याला कळायच्या आधी. तुझा दोष नाही.

तो मला मराठीत: "ती माझ्या बऱ्यासाठी बोलते का खरा बोलते?"

म्हटलं, दोन्ही.

२ जुलै, मंगळवार

लुसैल. पट्टीवर इतकी की मोजणं सोडलं.

उरलं मझरा.

४ जुलै, गुरुवार

मीटिंग. मॅथ्यू सरांचा एकच प्रश्न, तीन वेळा: कैसे हुआ? क्लायंटकडून पत्र आलंय, "कारण" असा रकाना आहे, तो भरून हवा. कंत्राटाचं नूतनीकरण सप्टेंबरात.

हनानचं कोडं वेगळंच. एप्रिलमध्ये गेलं असेल तर जूनच्या पहिल्या पट्ट्यांवरच दिसायला हवं होतं. म्हणजे नंतर गेलं. धुणं तिने स्वतः तपासलंय, त्यात खोट नाही. एखाद-दुसरं खाचेत राहिलं असेल, ते राहणारच, ब्रश कुठवर पोचणार? पण उरलेलं मारायला ऊन आहे. "इथलं ऊन म्हणजे आपला सगळ्यात भरवशाचा कामगार. मग ते जिवंत पोचलं कसं?"

कोणालाच सुचलं नाही. मलाही. मी तर फोटो काढला होता.

७ जुलै, रविवार

पॅन्ट्रीत चहा घेत होतो. समोर पत्रक. धुवा, निथळवा, वाळवा. "पूर्ण." त्याखाली अंगठ्याएवढा फोटो, आणि फोटोत उडणारे थेंब.

चहा ओतून दिला.

कोणाला सांगितलं नाही. चारपर्यंत दुसऱ्या एका कामाची प्रुफं तपासली. एक चूक सापडली नाही, म्हणजे लक्ष नव्हतं.

८ जुलै, सोमवार

हनानला सांगितलं. ती लगेच भिंग आणि पाण्याची बाटली घेऊन निघाली. रय्यानच्या तळ्याकाठी ट्रक सावलीत, साडेअकराची वेळ. बाहेर हात धरवत नव्हता. गोणपाट उचललं. आत गार. पावसाळ्यात घराच्या मागच्या भिंतीला येतो तो वास.

पाइपाच्या जोडावर रबरी कडं असतं, त्याच्या आतल्या खाचेत दोन. चिमट्याने काढून पेल्यात टाकली. आम्ही चौघं-पाचजण पेल्याभोवती. दहा मिनिटं काही नाही. मग एका शिंपल्याने तोंड उघडलं. केसाएवढी फट.

हनानने दाऊदभाईला इंग्रजीत समजावलं, मग मोडक्या हिंदीत. तो ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. शेवटी मी मराठीत सांगितलं. ऊन लागलं असतं तर मेली असती. ओल्याने जगली.

त्याने पेला उचलून उजेडाकडे धरला.

"म्हंजे मी त्यांना पान्याने वारा घालीत आणला. एका तळ्यावरनं दुसऱ्या."

म्हटलं, पत्रकात तसंच करा म्हणून छापलंय. मी छापलंय.

"तुमी माझाच बघून छापलात ना?" मग हसला, वाईट हसला. "बाप आज असता तर म्हनला असता, दाऊद, शाबास. व्हडी सुकू दिली नाय."

गोणपाट त्याने घडी करून बाजूला ठेवलं. सामान उन्हात उघडं टाकलं. नेपाळ्यांपैकी एकाने सवयीने बाटली उचलली, त्याने त्याच्या हातावर चापट मारली.

१० जुलै, बुधवार

मझऱ्याची पट्टी काढली. स्वच्छ. हनानने तीनदा बघितलं.

तिचा अंदाज: सामान अझीझियाहून मझऱ्यावर तिसऱ्या दिवशी पोचतं. ओल्यातही तिसऱ्या दिवसापर्यंत बरीचशी मरतात. बरीचशी. पण आता रय्यान आणि लुसैल दोन्ही भरलेली. मंगळवारी लुसैल, बुधवारी मझरा. जूनमध्ये किती बुधवार सामान लुसैलहून ओलंच मझऱ्यावर गेलं, ते तिने मोजलं. पुढे जुलैचे मोजले नाहीत. मझऱ्यातही बहुधा शिरलं असेल, हे तिने सांगितलं नाही, मी तिच्या पाठमोऱ्या मानेवरून समजलो.

पाइप पहिल्या तीन दिवसांतच दोन जागी चिरला. दाऊदभाईने चिरेवर बोट फिरवलं.

११ जुलै, गुरुवार

अहवाल दोनपर्यंत हवा होता, दीडला दिला. "कारण" या रकान्यात लिहिलं: सूचनापत्रकातील वाळवण्याची सूचना अपुरी होती. सामानाचा एकच संच असल्याने वाळवण्यास वेळ नव्हता. पत्रकावरील छायाचित्र ओलं आच्छादन दाखवतं. छायाचित्र आणि मजकूर खाली सही करणाऱ्याचे.

सही केली.

मॅथ्यू सरांनी बोलावून घेतलं. दार लावलं. चांगला माणूस आहे, हे लिहून ठेवतो, पुढे विसरेन. म्हणाले, "भाई, ये लिखेगा तो हम सब खलास. कंपनी का पेपर गलत है, ऐसा कौन लिखता है?" मग पाणी प्यायले. "वर्कर ने इन्स्ट्रक्शन फॉलो नहीं किया. 'पूर्ण वाळवा' लिखा था, उसने गीला रखा. झूठ है क्या?"

खोटं नाही. हेच तर. "पूर्ण" मीच लिहिलं होतं.

फोटोचं काय, विचारलं. "कौनसा फोटो?"

परत येताना पॅन्ट्रीच्या भिंतीवर चार टेपचे तुकडे. पत्रक नाही.

१२ जुलै, शुक्रवार

दाऊदभाई जेवायला घरी आला. रोहिणीने बोलावलं होतं. हातात सुक्या बोंबलांची पिशवी, तीन थर प्लास्टिकमध्ये, तरी लिफ्टभर वास.

"वैनी, ह्ये पूर्ण वाळवलेला हाय हां. मास्तरांना इचारा."

रोहिणी हसली नाही. भात वाढता वाढता मला म्हणाली, "अहो, तुम्ही सही केलीत ना तुमच्या कागदावर?" केली. "मग तो कागद कुठाय?" मॅथ्यू सरांकडे. "म्हणजे नाहीच केलीत."

दाऊदभाई मध्ये पडला. वैनी, मास्तर काय करतील, लिवनार तेवढाच ना. माझा नातू आठवीत हाय, तो म्हनतो बाबा, तुमचा फोटो शाळेत लावलाय. मास्तरांनी छापला म्हनून.

कोणती शाळा, विचारायचं राहिलं. फोटोखालची ओळ तिथे कोणी वाचली असेल का, हेही.

जेवून निघताना दारात मला एकट्याला: "थोबाड हाय ना माझा त्या कागदावर? मना घरी पाठवतील?"

मी म्हटलं, बघू. बघू हा शब्दही "पूर्ण"सारखाच.

१५ जुलै, सोमवार

गेलेल्या अहवालाची प्रत हनानने दाखवली. तिलाही सहीला आली होती. "कारण: कामगाराने वाळवण्याच्या लेखी सूचनेचं पालन केलं नाही. संबंधितावर कारवाई." माझी बाकीची वाक्यं जशीच्या तशी, विरामचिन्हांसकट. फक्त तो एक रकाना बदललेला. भाषा माझीच वाटते. इतकी की क्षणभर वाटलं, आपणच लिहिलं.

हनानने सही केली नव्हती. एक ओळ वाढवली: "जीवशास्त्रीय बाजू तपासली, कारणाबाबत सहमत नाही." मॅथ्यू सरांनी तिची ओळ तळटीप केली.

१६ जुलै, मंगळवार

दाऊदभाईला "लाँग लीव्ह". परवा दुपारचं विमान. मॅथ्यू सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, मी शेजारीच होतो: मझरा साफ निकला तो मैं खुद बोलूंगा ऊपर, तीन लेक पहले से खराब थे, इसने चौथा बचाया. जुलै एंड तक देखते हैं. क्लीन तो वापस.

म्हणजे सगळं आता एका पट्टीवर.

दाऊदभाईने मान डोलावली. मग विचारलं, रविवारपासून ट्रक कोण बघनार?

१८ जुलै, गुरुवार

सोडायला गेलो. बॅग एक, वर दोरीने बांधलेला एक जुना पाइप. न चिरलेला, त्याच्या हातचा. सिक्युरिटीला काय सांगशील? "बागेला. खरा बोलायला काय जाता?"

आत जाताना मागे वळून: "मझरेची पट्टी काढाल तेव्हा मना सांगा. मॅथ्यू सांगनार नाय. तुमी सांगा. वाईट असला तरी."

सांगेन म्हटलं.

२४ जुलै, बुधवार

मझऱ्याची पट्टी स्वच्छ.

त्याला कळवलं. उलट निरोप आला, हाताचा अंगठा आणि "अजून एक बुधवार".

नवा माणूस सामान उन्हात टाकतो, एसीत बसून मोबाइल बघतो. सगळं नियमाप्रमाणे. दुसरा पाइपही फुटला. नवीन आला. मागणी एका दिवसात मंजूर. वेगळ्या संचाची अजून नाही.

२८ जुलै, रविवार

सुधारित पत्रक लिहिलं. "सात दिवस, थेट उन्हात, आच्छादन नको." मॅथ्यू सरांनी "सात दिवस" खोडून "पूर्ण" केलं. मी कागद घेऊन जागेवर आलो. परत "सात दिवस" केलं आणि छपाईला सोडलं. कळेल तेव्हा कळेल. तसंही लावणार कुठे? तीन तळी गेली. एका पानाने काय वाचणार आहे? तरी सोडलं. सवय.

३१ जुलै, बुधवार

हनानबरोबर मझऱ्यावर. रय्यान मागे पडलं की रस्त्याला सावली म्हणून नाही. तलाव शांत, खजुरांच्या खाली, पाटातून पाणी शेजारच्या शेतात जात होतं. एक माणूस त्या पाटात पाय सोडून बसला होता.

पट्टी वर काढली. एका कोपऱ्यात एक ठिपका. मोहरीपेक्षा लहान. हनानने भिंग लावलं, उजेडाकडे धरलं, परत लावलं. बाजूने नख फिरवलं. निघाला नाही.

वाळूचा कण, शेवाळाची गाठ, काहीही असू शकतं, म्हणाली. शिंपलंही असू शकतं. इथे कळणार नाही. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागेल, आणि जिवंत असेल तर जिवंतच न्यावं लागेल. मेलं की आतलं सुकतं, कवच निखळतं, मग ओळखणं कठीण. लॅबची वेळ रविवारची मिळाली.

मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "ओलं काही आहे का? कापड?"

ट्रकात मागच्या सीटखाली दाऊदभाईच्या गोणपाटाची घडी, शेजारी त्याची बाटली. घडी वाळून पापडासारखी कडक. तिने घेतली, पाटात बुडवली, पिळली, पट्टीभोवती दोनदा गुंडाळली, कडा आत खोचल्या. माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, गाडीत एसी आहे, तरी अर्ध्या तासाने पाणी मारत जा.

बाटलीच्या झाकणाची भोकं अजून तशीच.

अझीझियाच्या सिग्नलला फोन वाजला. दाऊदभाईचा आवाजी निरोप. मागे पाऊस, पत्र्यावर.

"मास्तर, आज बुधवार ना? पट्टी काढलीत? ... हयसर ऊनच नाय हो. पंधरा दिवस झाले, घरातला काय म्हनून वाळत नाय. तो पाइप पन ओलाच हाय. उन्हात टाकू म्हनला तर ऊन कुठला? ... काय दिसला ता सांगा. वाईट असला तरी सांगा."

हनानने विचारलं, काय म्हणतो? म्हटलं, पाऊस आहे तिकडे.

उत्तरासाठी दोन ओळी लिहिल्या. एक खोडली. दुसरीही. डेस्कवर इतकी वर्षं वेळेत पान सोडलं, आज पाठवायला एक शब्द नाही. "अजून कळलं नाही" हे खरं आहे. रविवारपर्यंत खरं राहील.

अर्धा तास झाला होता. पाणी मारलं.